जोयड्याचा मास्तर कोठून यावा?

सह्याद्रीच्या माथ्यावर, गोव्याच्या सरहद्दीला लागून, काळी नदी जेथे उगम पावते तो सारा अरण्यमय मुलूख आज जोयडा तालुका या नावाने ओळखला जातो. वयोवृद्ध माणसांच्या तोंडी मात्र अजूनही सुपे हेच नाव असते. सुपे हा जुना कसबा काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेला होता. गणेशगुडीस धरण झाले, कसबा जलाशयाखाली गेला, विस्थापितांपैकी बऱ्याच कुटुंबांनी रामनगरात नवे संसार मांडले, आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास कायम झाले. विस्ताराने हा तालुका कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सर्वांत मोठा. 2011 च्या शिरगणतीत वस्ती मात्र सुमारे 52 हजारच भरली. तीही एके ठिकाणी नाही. कुंभारवाडा, अणशी, उळवी, डिग्गी, कॅसलरॉक अशा गावांच्या आसमंतात, ओढ्यापलीकडे चार घरे, टेकडीआड सात घरे, याप्रमाणे ती विखुरलेली आहे. कुणबी, गवळी धनगर, सिद्दी, मराठा, हव्यक अशा नाना ज्ञाती तीत आहेत. आणि घरात कोकणी किंवा मराठी, बाजारात दोहोंची सरमिसळ व कचेरीत कन्नड, असा येथील बोलण्याचा व्यवहार आहे. अशा एखाद्या वाडीवर बारा-पंधरा मुलांची शाळा असते. त्या शाळेत शिकवायला कोणी यावे, त्याची तयारी कोठे व्हावी, आणि तयार झाल्यावर तो तेथे टिकावा कसा, हा प्रश्न वरवर पाहता एका तालुक्याचा असला तरी, विद्यापीठांतून शिक्षक घडविण्याचा जो उद्योग आपण पाऊणदोनशे वर्षे चालविला आहे त्याचे खरे मोजमाप अशाच ठिकाणी होते.

आजची वाट प्रथम पाहू. पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवू इच्छिणाऱ्याला बारावीनंतर, म्हणजे कर्नाटकात पी.यू.सी. नंतर, प्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका घ्यावी लागते. तिला आता डी.एल.एड. म्हणतात, काल-परवापर्यंत ती डी.एड. होती, आणि कर्नाटकातील जुन्या पिढीला ती टी.सी.एच. या नावाने ठाऊक आहे. त्यापुढील वर्गांसाठी सामान्यतः आधी पदवी आणि मग बी.एड. हा क्रम. बी.एड. पूर्वी एका वर्षात उरकत असे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या विनियमांनी ते दोन वर्षांचे केले आणि प्रत्यक्ष शाळेत किमान 20 आठवडे उमेदवारी करण्याचे बंधन घातले. पहिली ते आठवीपर्यंत शिकवायचे तर यावर शिक्षक पात्रता परीक्षा, जिला सर्वजण टीईटी म्हणतात, 150 गुणांची. साधारण उमेदवाराला तीत शेकडा 60 गुण मिळवावे लागतात. इतके झाल्यावर सरकारी भरती निघण्याची प्रतीक्षा.

ही वाट कागदावर सरळ दिसते. जोयड्याच्या वाडीवरून ती चालू लागले म्हणजे तिची वळणे ध्यानात येतात. पदवीपर्यंतचे शिक्षण जोयड्याच्या सरकारी महाविद्यालयात किंवा जवळच दांडेलीस होऊ शकते. पुढे मात्र अध्यापक महाविद्यालय गाठायचे तर अणशीचा घाट उतरून कारवारकडे जावे, जेथे बाड येथे शिवाजी अध्यापक महाविद्यालय आहे. किंवा तेथून किनाऱ्याने आणखी दक्षिणेस कुमठ्यास जावे, जेथे कमला बाळिगा अध्यापक महाविद्यालय आहे. नाहीतर घाटमाथ्यावरूनच हल्याळमार्गे धारवाड गाठावे, जेथे 1949 साली स्थापन झालेले कर्नाटक विद्यापीठ आहे आणि ज्याच्या छत्राखाली हा सारा जिल्हा येतो. महसुलाचे दफ्तर कारवारला, विद्यापीठ धारवाडला, आणि शाळाखात्याच्या दृष्टीने जोयडा मोडतो तो शिरसी शैक्षणिक जिल्ह्यात. तीन कामांसाठी तीन दिशा, आणि पावसाळ्यात घाटात दरड कोसळली म्हणजे त्यांतली एक बंद. दोन वर्षे परगावी राहण्याचा, खानावळीचा आणि प्रवासाचा खर्च ज्या घराला पेलतो त्याच घरची मुलगी या वाटेला लागते. बाकीच्या हुशार मुली वाडीवरच राहतात, आणि त्यांच्या वाडीवरच्या शाळेला शिकवायला दूरच्या जिल्ह्यातला कोणी येतो.

तो येतो आणि जातो. यात त्याचा दोष मी मानीत नाही. ज्याला येथली बोली येत नाही, ज्याच्या बायकोला जवळपास नोकरी नाही, ज्याच्या मुलाला पुढची शाळा नाही, त्याने नेमणूक होताच बदलीची दरखास्त तयार ठेवावी हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. कर्नाटकाने शिक्षकांच्या बदल्यांसाठी स्वतंत्र कायदा केला, गावांची वर्गवारी ठरविली. पण कायद्याने माणसाला जागेवर बसविता येते, रमविता येत नाही. जागा रिकामी झाली की तिच्यावर अतिथी शिक्षक नेमतात. हे अतिथी बहुधा तालुक्यातलेच पदवीधर असतात, तुटपुंज्या मानधनावर वर्षाच्या बोलीने राबतात, मुलांची भाषा जाणतात, आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्यांची नेमणूकच उरत नाही. यजमानापेक्षा अतिथीच घर अधिक सांभाळतो असा हा विलक्षण पाहुणचार आहे.

हा पेच जुना आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील पंतोजीच्या शाळा मोडून सरकारी शाळा उभ्या राहू लागल्या तेव्हा पहिली अडचण पुस्तकांची होती आणि दुसरी शिकविणाऱ्यांची. 1845 साली मुंबईत अध्यापकांचा नॉर्मल वर्ग उघडला, त्याचे संचालकपद बाळशास्त्री जांभेकरांकडे आले; पण पुढल्याच वर्षी ते निवर्तले. 1854 च्या वुडच्या खलित्याने शिक्षक-प्रशिक्षणाला सरकारी धोरणात स्थान दिले आणि पुढे पुणे, धारवाड अशा ठिकाणी ट्रेनिंग कॉलेजे स्थिरावली. मद्रास इलाख्यातील उत्तर कानडा जिल्हा 1862 साली मुंबई इलाख्यात आला, तेव्हा सुपेही याच व्यवस्थेत दाखल झाले. व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण व्हायचे, उमेदवारी करायची, मग ट्रेनिंगला जाऊन सनद मिळवायची, ही त्या काळच्या मास्तराची चाकोरी होती, आणि ‘ट्रेंड मास्तर’ हा शब्द खेड्यापाड्यात आदराने उच्चारला जाई.

या व्यवस्थेवर अत्यंत मर्मभेदी टीका केली ती महात्मा फुल्यांनी. 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले त्यातील मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी आपण वारंवार उद्धृत करतो. शिक्षक कोण असावा याविषयी त्यांनी त्याच निवेदनात जे म्हटले ते मात्र क्वचित सांगितले जाते. प्राथमिक शाळांतील शिक्षक हे शक्यतो शेतकरी आणि कष्टकरी वर्गांतूनच तयार केले जावेत, त्यांना आपल्या गावकऱ्यांत मोकळेपणाने मिसळता यावे, त्यांच्या गरजा कळाव्यात, आणि प्रसंग पडला तर नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार धरण्यात त्यांना कमीपणा वाटू नये, अशी त्यांची धारणा होती. पगाराबाबतही ते मोघम बोलले नाहीत: कोणाही शिक्षकास दरमहा 12 रुपयांहून कमी वेतन नसावे, मोठ्या गावी ते 15 ते 20 असावे. ज्याला जोयड्याची कंदमुळांची शेती कळत नाही, रानातून शाळेला येणाऱ्या मुलाला उशीर का झाला हे ज्याला विचारावे लागते, त्याच्याविषयीच जणू फुले बोलत आहेत. ज्या सावित्रीबाईंनी अहमदनगर आणि पुणे येथे अध्यापनाचे शिक्षण घेऊन शाळा चालविली त्यांचे उदाहरण फुल्यांच्या घरातच होते. प्रशिक्षण नको, गावचाच माणूस पुरे, असे ते म्हणत नव्हते. दोन्ही हवे, असे म्हणत होते.

याच विचाराचा धागा पुढे एका मराठी माणसाने धारवाडच्या परिसरात धरला. जे. पी. नाईक यांचा जन्म आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचा, 5 सप्टेंबर 1907 चा. शिक्षकदिन म्हणून आपण जो दिवस पाळतो तोच, पण त्या दिवशी नाईकांचे नाव निघाल्याचे फारसे ऐकू येत नाही. स्वातंत्र्यलढ्यातील कारावासात त्यांनी कन्नड आत्मसात केले, आणि सुटल्यावर धारवाड जिल्ह्यातील उप्पिनबेटगेरी या गावी ग्रामसुधारणेच्या कामात स्वतःला गाडून घेतले. पुढे गारगोटीचे मौनी विद्यापीठ त्यांच्या हातून आकाराला आले, आणि 1964 ते 66 या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहिण्यात त्यांचा मोठा हात होता. त्या अहवालाने शिक्षक-प्रशिक्षणाच्या रोगाचे निदान एका शब्दात केले: एकाकीपण. अध्यापक विद्यालय विद्यापीठाच्या ज्ञानजीवनापासून तुटलेले, शाळांच्या दैनंदिन व्यवहारापासून तुटलेले, आणि एक अध्यापक विद्यालय दुसऱ्यापासूनही तुटलेले. निदानाला साठ वर्षे होत आली, तरी रोग्याची प्रकृती फारशी पालटलेली नाही.

महाराष्ट्राने तर या रोगावर आणखी एक विकार ओढवून घेतला. डी.एड. म्हणजे हमखास नोकरी, ही समजूत रूढ होताच गावोगाव अध्यापक विद्यालयांची दुकाने निघाली, राज्य सरकार नको म्हणत असताना मान्यतेच्या खटपटी चालू राहिल्या, आणि अखेर 291 संस्थांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाने 2012 साली जो अहवाल दिला त्यात या धंद्याची लाज काढली आहे. तपासलेल्या संस्थांपैकी बहुसंख्य मान्यतेस अपात्र ठरल्या. बी.एड.ची मुदत वाढली, उमेदवारीचे आठवडे वाढले, पदवी आणि बी.एड. एकत्र असलेल्या चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाला बळ मिळाले, ते सारे या अहवालानंतरचे. दर्जा वाढविणे अवश्यच होते. ज्या मुलाच्या घरात दुसरे पुस्तक नाही त्याच्या वाट्याला अर्धवट शिकलेला मास्तर यावा यासारखा अन्याय नाही. प्रश्न एवढाच की पात्रतेची पायरी उंच करताना ती पायरी चढण्याची सोय दूरच्या तालुक्यात कोणी केली काय?

नाली-कली या अध्यापनपद्धतीचा अनुभव येथे उपयोगी पडेल. 1995 च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यात, युनिसेफच्या साहाय्याने, काही प्राथमिक शिक्षकांनी आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांची पद्धत पाहून येऊन आपल्या वर्गांत ती वेगळ्या रूपात रुजविली. तोही तालुका जोयड्याच्याच जातीचा: अरण्य, आदिवासी, धरण, विस्थापित. एका खोलीत पहिली, दुसरी, तिसरीची मुले एकत्र बसतात. प्रत्येक मूल चित्रांच्या आणि अक्षरांच्या कार्डांची शिडी आपल्या गतीने चढते. शिक्षक फळ्यापाशी उभा न राहता मुलांच्या गटांत बसतो. 2009-10 पासून ही पद्धत राज्यभरच्या सरकारी कन्नड शाळांत लागू झाली, आणि राज्यभर लागू होताना जे होते ते होऊन पुष्कळ ठिकाणी तिचे कार्डांच्या कपाटात रूपांतर झाले. तरीसुद्धा मुद्दा शाबूत राहतो: एका वेळी तीन इयत्ता सांभाळण्याची ही विद्या कोणत्या विद्यापीठाच्या व्याख्यानगृहातून खाली आली नव्हती; ती वाडीवरच्या शाळेत, तेथे रोज शिकविणाऱ्यांच्या हातून निपजली. असे असता आमचे बी.एड.चे आणि डी.एल.एड.चे विद्यार्थी 20 आठवड्यांची उमेदवारी करतात ती बहुधा महाविद्यालयाच्या जवळपास, जेथे प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र खोली, स्वतंत्र शिक्षक आणि घंटा असते. माझे मत विचाराल तर धारवाड वा कुमठ्याच्या प्रत्येक छात्राध्यापकाने या आठवड्यांपैकी निदान काही आठवडे जोयड्यासारख्या तालुक्यातील दोन खोल्यांच्या शाळेत काढल्याखेरीज त्याला पदवी देऊ नये.

कोसबाडचा दाखला याहून जुना आणि याहून धाडसाचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळा त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच वर्ग भरविला. जोयड्यातील गवळ्यांच्या मुलांना कुरणशाळेचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागणार नाही.

परंतु वाडीतल्याच मुलीला प्रशिक्षणापर्यंत पोहोचवायचे तर तिच्या दारात जो दुसरा अडसर आहे त्याचाही उल्लेख केला पाहिजे. उत्तर कन्नडातील सिद्दींना 2003 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, आणि तेव्हापासून शिष्यवृत्ती व राखीव जागा त्यांना खुल्या झाल्या. त्याच वर्षी सरहद्दीपलीकडे गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप यांनाही हा दर्जा लाभला. जोयड्याचा कुणबी गोव्याच्या कुणब्यासारखीच बोली बोलतो आणि आपले पूर्वज त्याच बाजूने घाट चढून आल्याचे सांगतो. पण सरहद्दीच्या अलीकडे तो अनुसूचित जमातीत मोडत नाही, आणि त्याची ती मागणी वर्षानुवर्षे दफ्तरात पडून आहे. मामा-भाच्यांच्या दोन घरांत एकीकडे शिष्यवृत्ती आणि दुसरीकडे नाही, याचे समर्थन कोणत्या समाजशास्त्राने करावे ते मला उमगत नाही.

धोरणकर्त्यांना हे ठाऊक नाही असेही म्हणता येत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ग्रामीण भागातील गुणी विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, चार वर्षांच्या बी.एड.साठी शिष्यवृत्ती द्यावी आणि पदवीनंतर त्यांच्याच भागात त्यांना अग्रक्रमाने नोकरी द्यावी, म्हणजे स्थानिक भाषा बोलणारे सुशिक्षित शिक्षक मिळतील, असे स्पष्ट लिहिले आहे. कर्नाटक सरकारने पुढे त्या धोरणाशी फारकत घेतली आणि प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःच्या धोरणासाठी आयोग नेमला, ज्याचा अहवाल ऑगस्ट 2025 मध्ये सादर झाला. केंद्राचे धोरण असो की राज्याचे, वरील एक कलम उचलून जोयडा, यल्लापूर, मुंडगोड अशा चार तालुक्यांत अमलात आणावयास फारशा पैशांची गरज नाही. वर्षाला वीस मुलींची निवड, त्यांच्या वसतिगृहाचा खर्च, आणि पाच वर्षे आपल्या तालुक्यात शिकविण्याचा करार: एवढे जरी झाले तरी दहा वर्षांत अतिथी शिक्षकांची गरज पुष्कळ कमी होईल.

शिक्षणक्षेत्रातील नोकरी म्हणजे केवळ वर्ग घेणे नव्हे, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. अनुभवी शिक्षकाला आसपासच्या शाळांचा मार्गदर्शक, म्हणजे सी.आर.पी., होता येते; स्पर्धा परीक्षेच्या वाटेने गटशिक्षणाधिकारी होता येते; एम.एड. करून अध्यापक विद्यालयात शिकविता येते. मुंडगोडला नवोदय विद्यालय आहे, आणि ठिकठिकाणी निवासी शाळा आहेत, त्यांची भरती वेगळी निघते. दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी निराळे प्रशिक्षण आणि निराळी नोंदणी लागते, आणि त्या विषयाचा शिक्षक दूरच्या तालुक्यात शोधूनही सापडत नाही. विज्ञानाकडे कल असलेल्याने म्हैसूरच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेचा चार वर्षांचा बी.एस्सी.एड. जरूर पाहावा, 1963 साली स्थापन झालेली ही केंद्रीय संस्था अशा एकात्मिक अभ्यासक्रमाच्या आद्य ठिकाणांपैकी आहे.

रामनगर, जगलबेट किंवा कुंभारवाड्यातील ज्या घरात मुलगी यंदा बारावीला आहे आणि मास्तरीण होण्याचे मनात धरून आहे, त्या घराला एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. लहान मुलांना शिकवायचे की मोठ्या, हे आताच ठरवा. 11 ऑगस्ट 2023 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही पहिली ते पाचवीसाठीची पात्रता नाही असे ठरविले आहे. त्या वर्गांसाठी सामान्यतः डी.एल.एड. लागते, आणि पुढे बी.ए., बी.एड. होऊनही ती उणीव भरून निघत नाही. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानंतर तर नोकरीत असलेल्या बहुसंख्य शिक्षकांनाही टीईटीतून सुटका उरलेली नाही. सुदैवाने एकदा उत्तीर्ण झाल्यावर त्या प्रमाणपत्राची मुदत आता संपत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता चालू वर्षी आहे की नाही हे कागद पाहून खात्री करून घ्या, कोणाच्या तोंडी शब्दावर फी भरू नका, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाविषयी जोयड्याच्या गटशिक्षणाधिकारी कचेरीत निकालाची वाट न पाहता आधीच विचारून ठेवा.